बॅट पोचली होती

अबकैकच्या कॅम्पात मी टाइमकीपर.
कोण किती वाजता आत आला, कोण बाहेर गेला,
आठवडाभर एवढंच लिहायचं.
शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी स्कोअर.
वह्या दोन. सकाळची निळी, क्रिकेटची.
संध्याकाळची लांबट, पिवळट,
अमेरिकन साहेबांकडून आलेली,
जिच्या चौकटीचौकटीत एकेक छोटा हिरा छापलेला.

दोन्ही वह्यांत असलेलं एकच नाव:
लतीफ होडेकर, पाइपफिटर, मूळ गाव बुरोंडी.
तिसरी वही रजेची, तीही माझ्याकडेच.
तिच्यात त्याच्या नावापुढे चार वर्षं ओळीनं
'रजा विकली'.

सकाळी सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची चटई,
कडांना खिळे,
पलीकडे खारट पांढरी जमीन,
त्याच्याही पलीकडे गॅसची ज्वाळा, भर उन्हात जळणारी.
लतीफ तिसऱ्या नंबरला जायचा
आणि जेवणाच्या घंटेपर्यंत राहायचा.
सियालकोटचा बशारत यॉर्करमागून यॉर्कर टाकी,
हा एकेक जमिनीत पुरी,
होडीच्या फळीत खिळा बसवावा तसा.
मग बशारतच हसत सुटे, कपाळ पुसत.

संध्याकाळी कुंपणाच्या आत. गेटवर दोन तासांचा पास,
पासवर नाव नाही, नंबर.
धूळ उडू नये म्हणून आतल्या मैदानावर
कच्चं तेल शिंपडलेलं.
घसरून पडलेला गोरा उठायचा तो काळा होऊन.
हातमोजा पुढे केला तर लतीफ म्हणाला,
'थंडी कुठाय?'
डिलार्ड फोरमन पोट धरून हसला.
तिसऱ्या शुक्रवारी त्यानंच याला शॉर्टस्टॉपला उभं केलं.
ओल्या जाळ्याचे दोर ओढून घडलेले तळवे ते,
दगडासारखा चेंडू त्यांत येऊन
गप्प बसायचा.

खोड एकच.
मारलं की बॅट टाकायची असते तिथं.
हा टाकत नसे. काखेत मारून पळायचा
पहिला कोपरा, दुसरा कोपरा.
साहेब इंग्रजीत ओरडायचे, मी मराठीत.
'टाकून कशी द्यायची?' म्हणायचा,
'हत्यार आहे.'

रास तनुराशी शेवटचा सामना. बरोबरी.
लतीफनं असा हाणला की चेंडू
ज्वाळेच्या उजेडात शिरला आणि क्षणभर कुणालाच दिसेना.
पहिला, दुसरा, तिसरा,
आता राहिली फक्त घराची पाटी:
पांढरं रबर, पाचकोनी,
पोरं पाटीवर काढतात तसं घर, पण उलटं.
लांबून चेंडू सुटला.
आणि लतीफनं आयुष्यभर केलं तेच केलं,
हात ताणला, अंग मागंच,
बॅट जमिनीला घासत सरळ पाटीच्या पार.

मोजा खांद्याला लागला. अंपायरची मूठ वर.

'बॅट पोचली होती,' लतीफ म्हणाला.
कुणाला काही कळेना, तो काय म्हणतोय.
मी जाऊन समजावलं: यांच्यात बॅट चालत नाही.
पाय चालतो, बोट चालतं, नाकसुद्धा चालेल,
पण माणूस पोचावा लागतो.
तो पाटीकडे बघत उभा राहिला.
पासाची वेळ संपत आली, तरी उभाच.

पिवळ्या वहीत मी नियमाप्रमाणे लिहिलं:
हिऱ्याच्या तीन बाजू भरल्या, चौथी कोरी.
निळ्या वहीत मात्र, सकाळच्या सामन्याखाली,
एक धाव चढवली.
बशारतनं पाहिलं. काही बोलला नाही.
त्याची टीम तशीही हरलेलीच होती.
त्या पानाची बेरीज अजून जुळत नाही.

पुढच्या शुक्रवारी लतीफनं मारलं
आणि पहिल्यांदा बॅट टाकली.
टाकली कसली, वाकून ठेवलीच म्हणा.
मग पळाला,
आणि पळताना दोन्ही हातांचं काय करावं
हे काही त्याला सुचेना.